चौदाव्या फ्रेमजवळ

बार्ज पाण्यात उतरली तेव्हा नारळ मीच फोडला.
भटजींना उशीर झालेला,
आणि भरती काही कुणासाठी थांबत नाही रासईला.
टाळ्या झाल्या. मालकांनी पेढे वाटले.
तासाभरात होल्डमध्ये घोट्याएवढं पाणी.

परत ओढून वर घेतली. दोन दिवस गेले.
चौदाव्या फ्रेमजवळ लाल रंगाला नख लावलं
तर तेवढाच पापुद्रा अख्खा हातात आला.
खडूवर रंग धरत नाही.
पापुद्र्याच्या पाठीवर पांढरं प्रश्नचिन्ह,
उलटं,
आरशात बघितल्यासारखं.

कुणाचं हे?
अकरा पोरं आपापल्या बुटांकडे बघत राहिली.
अक्षर मी ओळखलं होतं.
उर्वेश वेळीप, बाळ्ळीचा,
डब्यात रोज सुक्या बांगड्याची किसमूर आणणारा.
केबिनमध्ये बोलावून विचारलं,
दिसलं होतं तर सांगितलं का नाहीस?

म्हणाला, सांगितलं होतं, मेस्त.
हिचं नाही. मार्चमध्ये, दुसऱ्या एका प्लेटचं.
तुम्ही म्हणालात,
तुला कोणी विचारलं?

मला आठवेना.
तेच जास्त लागलं.
माझ्या तोंडात जे क्षणभर टिकलं नाही
ते त्यानं सहा महिने सांभाळलं होतं,
खिशातल्या मोजपट्टीसारखं.

मला शिकवलं कामिल मेस्तानं, हातोडीच्या दांड्यानं.
मी कुणावर हात उगारत नाही,
तेवढ्यावर स्वतःला भला समजत आलो.

त्या वर्षी सात पोरं सोडून गेली.
दोघं क्रूझवर, एक लिस्बनच्या कागदांमागे,
बाकीची कुठे, ते आम्ही विचारलंसुद्धा नाही.
मालकांनी पणजीहून एक गृहस्थ आणले, प्रोजेक्टरसकट.
टी-शर्ट वाटले,
पाठीवर छापलेलं : आपण एक कुटुंब.
दुसऱ्या दिवशी मॅल्सिया त्यानं ग्रीस पुसत होती.
मी बघितलं, काही बोललो नाही.
कापड सुती होतं, चांगलं टिपत होतं.

सोमवारी केबिनच्या काचेमागून खाली उतरलो.
नकाशा जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर नटबोल्ट ठेवले,
भाजी-पाव मागवला सगळ्यांना.
प्लेटवर रेघ मारली
आणि खडू उर्वेशच्या हातात दिला.
तपास, म्हटलं.
आणि सगळ्यांना : चुकलं दिसलं तर विचारायचं. मलाही.

तो उकिडवा बसला. मोजलं. पुन्हा मोजलं.
मला बोलायचं होतं,
गुडघ्याखालची पट्टी सरकव, उजेडाकडे बघ,
तीस वर्षांचं सगळं जिभेवर आलेलं.
वेल्डिंग सोपं आहे.
गप्प उभं राहायला कुणी शिकवलं नव्हतं.

अर्धा इंच, मेस्त, तो म्हणाला. तुमचा.

खोटं कशाला सांगू,
मी मुद्दाम चुकलो नव्हतो.
कान तापले. अकराजण बघत होते.
शर्टाच्या बाहीनं रेघ पुसली.
बाही अजून पांढरी आहे, बायको विचारते कसली.

उर्वेश डिसेंबरात कोचीला चाललाय, मोठ्या यार्डात.
अडवावंसं वाटलं.
मग त्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो,
तीन कागद फाडले.
'होतकरू' लिहून खोडलं.
लिहिलं : याला चूक दिसते, आणि हा सांगतो.
फक्त ऐकणारा माणूस तिथे ठेवा.

सुधारलो असं म्हणवत नाही.
कालच, जेटीवर घाई,
मॅल्सिया पंपाच्या सीटबद्दल काही बोलायला लागली
आणि सवयीनं निसटलंच तोंडातून,
तुला कोणी विचारलं?

तिनं वेल्डिंगचा मुखवटा वर सरकवला.
तुम्हीच, मेस्त. सोमवारी.
आणि खडू पुढे धरून
उभी राहिली.